टोमॅटोचा चोथा

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. रविवारच्या सत्काराला रजा टाकून येताय हे ऐकून तुमची लाडकी भाची घरभर नाचली. मी मात्र उत्तराला बसायचं टाळत होते.

कोंबड्यांचं म्हणाल, तर त्या मजेत आहेत. या बॅचचे पक्षी अंगानं चांगले भरलेत, खाद्याचा खर्चही उतरलाय. सगळी तुमच्या चोथ्याची कृपा. सॉसच्या कारखान्यातून टोमॅटोच्या सालीबियांचं पहिलं पोतं तुम्ही आणलंत, तेव्हा तुमच्या धाकट्या बंधूंनी काय नाक मुरडलं होतं! माझी शेड म्हणजे उकिरडा वाटला का, म्हणाले. तुम्ही वाद घातला नाहीत. बाह्या सरसावल्यात आणि गच्चीवर चोथा वाळत घातलात. पहिल्या खेपेला आपला हात जरा सैल सुटला, पिल्लांना जुलाब लागले, शेडमध्ये खाली अंथरलेला भाताचा तूस चिकचिकीत झाला आणि हे आठवडाभर फुरंगटून बसले. तुम्ही हटला नाहीत. अगदी लहान पिल्लांना द्यायचाच नाही, पिसं भरल्यावर थोडा थोडा, तोही कडकडीत वाळवून, दळून, मका-सोयाबीनच्या खाद्यात मिसळून, हे सगळं दर सुट्टीला इथे येऊन, पक्षी वजनकाट्यावर घालून घालून तुम्हीच बसवलंत. मी नुसती पोती धरायला होते.

मागच्या आठवड्यात पोल्ट्रीवाल्यांच्या संघाची माणसं शेड बघायला आली. ही युक्ती कुणाची, असं अध्यक्षांनी विचारलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच होते. हे म्हणाले, माझीच. इतकं सहज म्हणाले, की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग मूठभर चोथा हातात घेऊन फोटोही काढून घेतला, आणि तिथल्या तिथे सत्कार ठरला. वन्सं, तेव्हा मी काय केलं असेल? साखर कमी कुणाला हवी, ते विचारत फिरले. सांगायलाही लाज वाटते. नंतर मी विषय काढला, तर म्हणाले, घरातलीच गोष्ट आहे, ताईचं काय नि माझं काय. माणूस वाईट नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. टाळ्यांना भुलला. पण मी कशाला भुलले होते?

तुमचं पत्र आल्यापासून यांचं जेवणात लक्ष नाही. तुम्ही समोर बसलेल्या असताना गळ्यात हार घालून घ्यायची छाती यांना होत नाही. म्हणून आज मला लिहायला बसवलं. शेडमध्ये रोग शिरलाय, बाहेरच्या माणसाला येऊ देता येत नाही, असं कळव म्हणाले. बाहेरचं माणूस म्हणजे तुम्ही! आणि खोटं कशाला बोलू, मी तेच लिहायला बसले होते. हात चालेना. शेडमध्ये रोगबिग काही नाही, वन्सं. पक्षी ठणठणीत आहेत. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात, तर तुमच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसेन. फक्त माझ्याकडे बघू नका, मला मान वर करता येणार नाही.

तुमचीच,
शरमलेली भावजय