सासऱ्यांची गाडी आणि चामड्याचं फडकं

३ नोव्हेंबर, सकाळी
देऊळघाटला सासरवाडीत येऊन चौदा महिने. हे घरजावईपण नाही, टेम्पररी अरेंजमेंट आहे. प्लॅन पक्का: सासऱ्यांची, म्हणजे अर्जुनरावांची, गाडी मागायची, मलकापूर स्टेशनवर टॅक्सी म्हणून लावायची. बायको मंजुश्री आणि मी तिकडेच खोली करू. मागण्याआधी इम्प्रेशन हवं. म्हणून मलकापूरच्या जब्बारभाईंच्या दुकानातून मऊ चामड्याचं फडकं आणलं. ते म्हणाले, "ओलं करा, पिळा अन् काचेवर नुसतं ओढा. डाग राहात नाई."

४ नोव्हेंबर
गाडी धुतली, पुसली. पाण्याचा एक ठिपका नाही! मागणारच होतो. सासरे म्हणाले, "जावईबापू, तो कपाटाचा आरसा बी पुसून टाका." पुसला. उद्या मागतो.

७ नोव्हेंबर
फ्रिज, टीव्ही, सगळ्या खिडक्या. घरात माझं महत्त्व वाढतंय. दर अर्ध्या तासाला कोणीतरी हाक मारतं.

९ नोव्हेंबर
सासूबाईंनी फडकं कपड्यांच्या पावडरीत धुऊन उन्हात टाकलं. पापड झाला. पाण्यात भिजवून, तासभर चोळून मऊ केलं. मनातल्या मनात फार कडक बोललो.

१२ नोव्हेंबर
मंजुश्रीनं विचारलं, बाबांले विचारलं का? म्हटलं, टायमिंग असतं. ती म्हणाली, "चौदा महिने टायमिंगच पाहून राह्यले तुमी." तिला स्ट्रॅटेजी कळत नाही.

१७ नोव्हेंबर, दुपार
सकाळीच वॅक्स, वरून चामडं. बॉनेटमध्ये माझा चेहरा दिसला. टॅक्सीमालकाचा वाटला.
रोहिणखेडचे उकंडराव लग्नपत्रिका द्यायला आले. गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "काऊन हो अर्जुनराव, नवी घेतली का?" सासऱ्यांची छाती फुगली. हाच क्षण! मी तोंड उघडलं, तेवढ्यात उकंडरावांनीच गाडी विकत मागितली. सासऱ्यांनी विकून टाकली. चहा निवायच्या आत. गाडीचे कागद आतून मीच आणून दिले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सासऱ्यांनी पाठीवर थाप मारली. "तुमच्या हातानं गाडी इकल्या गेली बरं!" मी थँक्यू म्हणालो.
खोलीत मंजुश्री बॅग रिकामी करत होती. भरली कधी, मला माहीत नव्हतं. वर माझे शर्ट, खाली तिच्या साड्या, मधे पेपरात गुंडाळलेला नवा तवा. तिनं तवा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.
सासूबाईंनी मला विचारलं, हा कोणाचा?
म्हटलं, घरचाच.