त्रेचाळीस इंचांवर टांगायची चित्रं

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा चित्रकला, मुक्काम याच तळमजल्यावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पायांचा दाखला जोडलेला नाही. ते नवव्या वर्षीच कामातून गेले आणि त्याची खातरजमा आजवर प्रत्येकानं मला न विचारता करून घेतली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, तो मात्र माझा स्वतःचा आहे.

१. दोन्ही खोल्या सामानासकट माझ्या विद्यार्थिनीला मिळाव्यात. ती माझ्यासारखीच चाकाच्या खुर्चीत बसते आणि माझ्यापेक्षा चांगली चित्रं काढते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, ती लगेच शेफारली असती. घरातला ओटा, बेसिन, दिव्यांची बटणं बसल्या हाताला लागतील अशी आहेत. ते सगळं 'नीट' करून देतो म्हणणारा कोणी आला तर त्याला दारातूनच वाटेला लावावं.

२. शहरातल्या मोठ्या कलादालनानं माझी सगळी चित्रं मागितली आहेत. पत्रात त्यांना 'अमूल्य ठेवा' म्हटलं आहे. हाच ठेवा चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या भिंतींवर लागला होता, तेव्हा काय झालं ते इथे नोंदवणं भाग आहे.

अपंग कलाकारांचं प्रदर्शन होतं. आम्ही अकरा जण होतो, आणि दालनाला समोरून पाच पायऱ्या. फक्त पाच. माझ्या सुतारमित्रानं महिनाभर खपून लाकडी रॅम्प केला, आदल्या संध्याकाळी स्वतः बसवला. सकाळी संचालकांनी तो काढून बाजूला ठेवला. फोटोत इमारतीचा दर्शनी भाग झाकला जातो, असं त्यांचं म्हणणं. मी भांडायला तोंड उघडलं तोच माझा थोरला भाऊ मध्ये पडला. "चौघं मिळून उचलतो की तिला. त्यात काय एवढं?" संचालक सुटले. पुढे रॅम्पची जी जी पत्रं मी त्यांना लिहिली, त्यांना उत्तर एकच आलं, आपल्या बंधूंनी तर सहकार्य केलं होतं.

चौघांनी मला खुर्चीसकट उचललं. चौथ्या पायरीवर खुर्ची कलली, कपडे गुडघ्यांच्या वर सरकले आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच आला. अकरा जणांचं एकही चित्र आलं नाही.

आत चित्रं उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली. मी बसून बघते, बसूनच काढते. एका समीक्षकानं उभ्या उभ्या पाहून लिहिलं, चित्रांतली टेबलं चुकलेली आहेत, पण बाईंची जिद्द मोठी. माझा सुतारमित्र मात्र, कोणी न सांगता, चित्रासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आता टेबल बरोबर दिसतंय." चित्रांवर इतकं शहाणं बोलणं मी त्या दालनात दुसरं ऐकलेलं नाही.

तर चित्रं कलादालनाला द्यावीत, पण या अटींवर. समोरच्या दाराला, मागच्या कचऱ्याच्या नव्हे, पक्का दगडी रॅम्प व्हावा. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून त्रेचाळीस इंचांवर यावा. उभ्या लोकांना वाकावं लागेल, त्यांनी वाकावं. अपंगत्वावर मात केली वगैरे पाटी लावू नये. मी कशावरही मात केली नाही, मी चित्रं काढली. आणि निवड समितीवर माझ्या विद्यार्थिनीला घ्यावं, मतासकट, पुष्पगुच्छ द्यायला नव्हे. वर्षभरात यातलं एक जरी राहिलं तरी सगळी चित्रं तिची. तिनं ती बंबात घातली तरी माझी हरकत नाही.

३. थोरल्या भावाला काहीही मिळू नये. त्यानं माया केली नाही असं मी म्हणणार नाही. सातवीपर्यंत त्यानं मला पाठीवर बसवून शाळेत नेलं, आणि तेव्हा मला ते फार आवडायचं. पण मी मोठी झाले हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. हे वाचून त्याला वाईट वाटेल. वाटू दे.

४. सुतारमित्राला रंध्याचं चित्र द्यावं. त्यानं तो रॅम्प आपल्या शेडमध्ये जपला आहे, दरवर्षी तेलपाणी करतो. कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "लागेल." एवढंच.

५. मी गेल्यावर मला कोणीही उचलू नये. भाऊ खांदा द्यायला पुढे येईल, रडेल, आणि ते रडणं खरं असेल. तरी त्याला थांबवावं. जिवंतपणी चौघांनी उचललं तेवढं पुरे झालं. मला चाकांच्या गाडीवरून न्यावं. वाटेत कलादालनापाशी थांबून सुतारमित्रानं आपला रॅम्प पायऱ्यांवर बसवावा. आधी विद्यार्थिनीनं वर जावं, मागून मला न्यावं, समोरच्या दारापर्यंत. परवानगी मागू नये, ती मी चौदा वर्षं मागितली. दार बंद असेल तर क्षणभर तिथेच थांबावं. मग मला खाली आणावं. रॅम्प आणू नये.

या सगळ्याची अंमलबजावणी डॉक्टरांनी करावी.

सही: चित्रकार

साक्षीदार: १. डॉक्टर २. शेजारच्या शिंपीणकाकू
(सुतारमित्राच्या नावे चित्र असल्यानं त्याला साक्षीदार होता आलं नाही. तो दाराशी बसून होता.)

आम्हां दोघांसमोर बाईंनी वरील मजकूर वाचून सही केली. टेबल त्यांच्या उंचीचं असल्यानं आम्ही वाकून सह्या केल्या.

ठिकाण: राहतं घर, तळमजला
दिनांक: १२ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा