अप्पांचे नऊ मुक्काम

५ जानेवारी १९८४, नौबाद
डॉक्टरांनी अप्पांचा उजवा डोळा पाहिला. डावा गेलाच आहे. हा शिमग्यापर्यंत टिकला तर टिकला, म्हणाले. बाहेर बाकावर अप्पांना सांगितलं. रडतील म्हणून पदर सावरून बसले, तर माझे वडील विचारतात, "जावईबापूला सुट्टी कवा हाय?"
"कामून?"
"तुझ्या आईची जागा दाखवायची न्हाई का तुला? डोळा हाय तवर."
आईचा विषय त्यांनी स्वतःहून पहिल्यांदाच काढला. मी तीन वर्षांची होते. मेंढरं घेऊन भीमेकडं निघालेले, वाटेत आईला ताप आला, दोन दिवसांत गेली. तिथंच एका ओढ्याकाठी पुरली. मला गाढवावर बसवून आत्याकडं आणून सोडलं. त्या वाटेला अप्पा पुन्हा गेले नाहीत. हेही मला आत्यानंच सांगितलेलं.

७ जाने.
यांनी मित्राची जीप मागून आणली. परवा वेळ अमावस्येला रानपूजेसाठी केलेली भज्जी-अंबील उरली असती तर बरं झालं असतं. असो. भाकऱ्या बांधल्या.
अप्पा पुढे, मी आणि सुमन मागे. नऊ वर्षांची पोरगी, तोंड म्हणून मिटत नाही. हुमनाबादपर्यंत लाल माती. मग घाट, करवंदीची झुडपं, खाली उतरलो तर कमलापूरच्या केळीच्या बागा. लाल केळी घेतली, तेवढा वेळ सुमन गप्प. गुलबर्ग्याच्या पुढं सगळं काळं रान. ज्वारी हुरड्यात आलेली, तूर वाळलेली. किती सुंदर मुलूख आहे हा, आणि मी तो आजवर फक्त नकाशात शिकवला.
चिटगुप्प्याजवळच्या आमच्या गावापासून आईची जागा आठव्या आणि नवव्या मुक्कामाच्या मधे. अप्पा बोटांवर मोजत होते. मेंढरं दिवसभर चरत जेवढं चालतील तेवढा एक मुक्काम. ते तिसरा ओळखेपर्यंत जीप सहाव्याच्या पुढं.
"लई पळायलीय गाडी. मला वाट दिसंना."
"मामा, वीसच्या वर नाही काटा," हे म्हणाले.
वीसही जास्तच. बघता बघता भीमेचा पूल आला. अप्पा पाण्याकडं बघत राहिले. "मागं सुटली ती."
हे चिडले नाहीत. एरवी राग नाकावर असतो. मुकाट्यानं जीप वळवली. गुलबर्ग्यात यांच्या मावसबहिणीकडं मुक्काम.

८ जाने.
सकाळीच पुन्हा त्या रस्त्यावर. पुलाच्या बऱ्याच अलीकडं अप्पा उतरले. चपला काढून काखेत मारल्या. म्हणाले, पायाला ठावं असंल. पुढं आजोबा-नात, मग मी, मागून जीप. बैलगाड्या पुढं जात होत्या आमच्या, गाडीवान हसत होते. हसू देत.
एका रानात म्हातारा शेतकरी भेटला. अप्पांनी कन्नडमध्ये विचारलं, इथं पूर्वी मेंढरं बसवायचे का? (खतासाठी रानात रात्रभर कळप बसवत.) तो म्हणाला, माझ्या बापाच्या वेळी बसत. अप्पा केवढे खूश. जणू घरचंच कुणी भेटलं.
दोन ओढे झाले. दोन्हीकडं अप्पांनी माती चुरगाळून पाहिली, मान हलवली. ऊन वाढलं. तिसऱ्याशी मला एकदम रडू फुटलं, आवरेना. अप्पा थांबले. पायानं बांधाकडची जमीन चाचपली.
"हितं."
हिरव्या बांगड्या ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. सवाष्ण गेली ना ती. सुमन म्हणाली, "आजी इथं एकटीच राहते?" यांनी तिला तुरीच्या शेंगा दाखवायला नेलं. मी मनसोक्त रडले. अप्पा जवळ बसून होते, पाठीवरून हात फिरवत. लहानपणी कधी फिरवल्याचं आठवत नाही.

११ जाने.
शाळा. चौथीच्या मुलींनी विचारलं, बाई, कुठं गेल्ता? म्हटलं, माहेरी.
हलकं वाटतंय. भूक लागते.

१४ जाने. संक्रांत
अप्पा गावी गेले. तिळगूळ हातात देऊन बस स्टँडवर सोडायला मी एकटीच. बसला वेळ होता.
"अक्का, पटली का जागा तुला?"
"पटली की, अप्पा."
अप्पा तिळगुळाची पुडी चाचपत म्हणाले,
"मला न्हाई पटली. तू रडायलीस. म्हटलं, आता किती चालवावं लेकराला. म्हनून थांबलो. असंलबी तिथंच. न्हाईतर फुडल्या वढ्याला असंल."
असा राग आला. कुणाच्या बांधावर मी पदर पसरून रडले? आणि त्याच वेळी हेही कळत होतं की मला लेकरू म्हणणारं आता हे एकच माणूस आहे.
"डोळा हाय तवर आनिक एकदा जाऊ. दोघंच. गावापासून पायी."
बस आली. हात धरून त्यांना चढवलं. खिडकीतून ते हात हलवत होते, मी उभी होते त्याच्या जरा बाजूला बघून.
घरी यांना सांगितलं. "बापलेकीला येड लागलंय." जेवताना मात्र विचारलं, "किती दिवस लागतील?"
जायला नऊ, यायचे वेगळे. एवढी रजा हेडमास्तर देतील?
अर्ज लिहायला घेतला. कारण: वडील आजारी. खोडलं. कारण: आईला भेटायला. तेही खोडलं.