आठव्या दिवसाची उंची

छोटीच्या वहीत घेवड्याच्या रोपाची उंची सातव्या दिवशी सहा सेंटिमीटर आहे आणि आठव्या दिवशी तिने लिहिली होती साडेअकरा. एका रात्रीत एवढं काही वाढत नाही. म्हणजे तिचं रोप मेलं आणि तू गुपचूप दुसरं आणून लावलंस.

रागावले नाहीये. मीही कमी नाही. वहीतला तक्ता शाळेत बरा दिसावा म्हणून तो साडेअकराचा आकडा खोडून मीच आठ केला. दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताचे आकडे इमानदारीने लिहिते आणि घरी हे असं.

काल तिने विचारलं, "आई, आज किती लिहू?" कुंडी समोर होती, पट्टी हातात होती. मी म्हटलं, "अगं, मोजून बघ ना." तर म्हणाली, "बाबा बदलतात, तू खोडतेस. मी कशाला मोजू?"

दहा वर्षांची आहे रे ती. तिला तिचं तिचं शिकू द्यायला आपण फक्त हात मागे घ्यायचे होते. दोन वर्षं ठरवतोय, आठवडाभरही जमलं नाही. आता जमेल असं वाटत नाही.

ताई वर्षभर म्हणतेय, पोरीला माझ्याकडे ठेव. तिच्या शिवणाच्या दुकानात छोटीने कापड चुकीचं कापलं, तर ते दुरुस्त करून द्यायला कुणी धावत येत नाही. मी दर वेळी विषय टाळत आले.

जेवण झाकून ठेवलंय. संध्याकाळी तिच्यासमोर वाद घालू नकोस, कारण सकाळी तिच्या बुटाची नाडी बांधता बांधता मी सांगून टाकलं, "सोमवारपासून तू मावशीकडे राहायचं."