धुरीच्या खोलीतले क्वासार

२ मार्च १९७४, तासगाव
पुण्याहून परत. एस.टी.त दोन्ही काचा मांडीवर धरून बसलो. शिरवळला चहाला उतरलो नाही, उंब्रजला आईला भेटलो नाही. पायांना अजून मुंग्या आहेत. कॉलेजातल्या माझ्या जुन्या प्रोफेसरांनी काचा स्वतःच्या हाताने दिल्या. म्हणाले, मास्तर, यांची दुसरी प्रत नाही, जिवापाड जपा.
आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो, एक निळ्या उजेडातला, एक तांबड्या. काचेवर तारे म्हणजे काळे ठिपके. निळ्या काचेवर ठसठशीत आणि तांबडीवर पुसट असा ठिपका सापडला, की तो कदाचित क्वासार. दिसायला तारा, पण इतका लांब की त्याचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीच नव्हती!
संकल्प : काचेचे चौकोन पाडून रोज वीस तपासायचे. एकूण चारशे. वीस दिवसांत फत्ते.

३ मार्च
काचा ठेवायच्या कुठे? शाळेच्या लॅबमध्ये उंदीर. घरात स्टोव्हची काजळी. शेवटी सासऱ्यांच्या, म्हणजे नानासोंच्या, बेदाण्याच्या शेडमधली धुरीची खोली पसंत केली. अंधारी, कोरडी, कुलूपबंद. उंदीर औषधालाही नाही. निळी काच वरच्या फळीवर ठेवली. तांबडी राहू दे ट्रंकेत, मेणकापडात. तिचं काम नंतर.
बायको म्हणाली, आवं, तितं बेदाण्याला गंधकाची धुरी देत्यात, आमी बायका पैंजणं-जोडवी काढून मग आत जातो.
बायकांचं आपलं काहीतरी. म्हटलं, अंजना, ही काच आहे, पैंजण नव्हे. गप्प बसली. पटलं असावं.

६ मार्च
चौकोन : शून्य. नववीचे पेपर.

९ मार्च
शून्य. भिंगच सापडेना. अंजनाने बेदाण्यातले खडे बघायला नेलं होतं. संशोधकाच्या घरात ही शिस्त!

१३ मार्च
शून्य. पण वहीला कव्हर घातलं. वर नाव लिहिलं, इंग्रजीतही.

१६ मार्च, दुपारी ४
अखेर बसलो. तांबडी काच ट्रंकेतून काढून शेजारी ठेवली. देवा! एकोणीस ठिपके निळीवर ठळक आणि तांबडीवर नावालाही नाहीत. अमेरिकेतले लोक एकेक शोधायला वर्ष घालवतात म्हणे.
फळीवर बेदाण्याचे ट्रे आलेत, जागा एकाच काचेपुरती. तांबडी परत ट्रंकेत.

२० मार्च
त्रेचाळीस! परवा पाहिलेल्याच चौकोनात आज नवे पाच. म्हणजे परवा नजर कच्ची होती. नजर तयार होतेय.
शाळेचा शिपाई आकाराम वाकून बघून म्हणाला, सर, ह्ये डाग पडल्यागत वाटत्यात. त्याला नीट समजावलं, की आकाशाच्या बाबतीत ज्याने त्याने बोलू नये. बिचारा घंटा द्यायला गेला.

२२ मार्च
प्रोफेसरांना पत्र टाकलं. हेडमास्तरांनी फळ्यावर बातमी लिहिली. ३१ला माझा सत्कार, नानासोंच्या अंगणात. सायन्स ग्रॅज्युएट जावई केल्याचं सार्थक झालं, असं नानासो गावभर सांगत सुटलेत.

२८ मार्च
आरशासमोर भाषणाची तयारी. नम्रतेचा भाग फार लांबतोय. कापायला हवा, पण तोच चांगला जमलाय.

३१ मार्च, संध्याकाळ
लिहू नये असं वाटतंय.
प्रोफेसर सत्काराआधीच आले. निळी काच उजेडात धरली. तिरकी केली. मग नाकाला लावली. कुठे ठेवली होती, विचारलं. समोर नानासो, हेडमास्तर, निम्मं गाव. अंजना चहाचा ट्रे घेऊन उभी.
मी म्हणालो, मी नाही, घरातल्यांनी ठेवली धुरीच्या खोलीत. बायकांना काय कळतं त्यातलं.
खरंच असं म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं, असं लिहिणार होतो. आपोआप नाही निघालं.
अंजनाने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली.
प्रोफेसर हळू आवाजात म्हणाले, मास्तर, या काचेवरच्या थरात चांदी असते, धुरीने ती डागाळते. हे क्वासार नव्हेत, गंधकाचे डाग आहेत. तांबडी ट्रंकेत होती म्हणून वाचली. चहा न घेता दोन्ही काचा घेऊन पुढच्या गाडीने गेले. शालीची घडी मोडलीच नाही. नारळ हेडमास्तर परत घेऊन गेले.

१ एप्रिल
नववीचं पुस्तक उघडलं. गंधकाने चांदी काळी पडते. अकरा वर्षं शिकवतोय. गेल्या वर्षी परीक्षेतही विचारलं होतं, दोन मार्कांना.
अंजना वेळेवर वाढते आणि बेदाणे निवडायला निघून जाते. शेजारच्या चंद्राबाई तिला म्हणाल्या, एवढ्या मोलाची वस्तू अशी ठिवतात व्हय गं? तिने ऐकून घेतलं. मी पेपर वाचत होतो. म्हणजे समोर धरला होता.

२ एप्रिल
संकल्प : नानासोंना खरं सांगायचं. मग अंजनाची माफी.

३ एप्रिल
शून्य. घसा बसलाय.

५ एप्रिल
गेलो. नानासो शेडमध्ये होते. शेजारी अंजना बेदाणे निवडत होती. मान वर केली नाही. तिच्यादेखत सगळं सांगितलं. काच मीच ठेवली. तिने अडवलं होतं. मी खोटं बोललो. अंजना, माझं चुकलं.
वाटलं, नानासो आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.
म्हणाले, ठावं हाय मला. काच ठिवली त्याच दिशी पोरगी पळत आली हुती, की नाना, त्यास्नी तुमी तरी सांगा. म्याच तिला गप केलं. म्हणलं, मास्तर सायन्सचं हाईत, त्यास्नी ठावं न्हाई व्हय?