नऊ नंबरची पाटी

३ जानेवारी
पोहोचलो! मिनेसोटात घराचं कुलूप गोठलं होतं, ते फुंकर मारून बंद करून निघालो. आणि आज ॲरिझोनाच्या वाळवंटात माझा नवरा डेल्मर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात शीळ घालतो आहे. आमची घरगाडी नऊ नंबरच्या जागेवर लागली. समोर तीन सग्वारो निवडुंग, मागे तांबूस डोंगर, आणि दोन्ही बाजूंना साठेक घरगाड्या, सगळ्या आमच्यासारख्या थंडीला भ्यालेल्या म्हाताऱ्यांच्या. डेल्मरने चारी जॅकखाली लाकडाचे ठोकळे सारले आणि पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध आणला. हात अजून विसरलेले नाहीत. बाकीची आठवण झिजत चालली आहे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो माणसं ओळखणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून हा एक महिना. अजून रोज सकाळी डोळे उघडले की त्याचा पहिला शब्द माझं नाव असतो, ‘व्हर्ना’. तेवढा राहिला तर माझं देवाशी काही भांडण नाही.

दारापुढच्या खांबावर आधीच्या जोडप्याची लाकडी पाटी आहे: ‘रॉइस आणि ओपल’. आमची पाटी डेल्मरने शरद ऋतूत तापल्या सळईने स्वतः कोरली. पण घरगाड्यांचा हा पार्क सांभाळणारा मर्ल म्हणाला, “रविवारपर्यंत राहू द्या की ती. घाई कसली? इथं कुणाला गाडी गाठायचीय?” मी आमची पाटी परत गाडीत ठेवली. आम्ही मिनेसोटाची माणसं. परक्याच्या अंगणात पहिल्याच दिवशी खिळा ठोकत नाही.

६ जानेवारी, रविवार
चार वाजता प्रत्येकाने आपली घडीची खुर्ची आणून गोल करून बसायचं, हा इथला रिवाज. मर्लची बायको ट्रूडी लांबूनच ओरडली, “ओपल, ये गं, तुझी जागा धरून ठेवलीय!” मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, “नऊ नंबरला राहते ती ओपल. या वयात मला नवी नावं पाठ करायला लावू नकोस, बाई.” सगळे हसले. मीही हसले.

तीस वर्षं मी कत्तलखान्याच्या फाटकापुढे खोक्यावर उभी राहून कामगारांसाठी बोलले. माणसाला बिल्ल्याच्या नंबराने हाक मारू नका! नाव चोरणं ही पहिली चोरी, मजुरीची चोरी तिच्यामागून येते! या वाक्यासाठी दोनदा कोठडीत बसले. आणि आज चेष्टा म्हणून हसले. पाटी लावायची राहिलीच.

१० जानेवारी
घरगाडी जागेवरच ठेवून लहान मोटारीने दगडांवरची जुनी चित्रं पाहायला गेलो. काळ्या खडकांवर मेंढे, सर्प, बोटं फाकलेली माणसं. कोणी काढली, कुणालाच माहीत नाही. नावं उरली नाहीत, हात उरले. परतताना फाट्यावर मी नकाशा उघडला, तर डेल्मर म्हणाला, “डावीकडे वळ. उजवीकडे ओढ्यापाशी रस्ता गेल्या वर्षी खचला.”
आम्ही इथे पहिल्यांदाच आलो आहोत. डावीकडे वळले. वळताना दिसलं, उजवा रस्ता खरोखरच खचलेला होता.

१२ जानेवारी
शनिवारी सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा असतो. मी आमच्याकडचा ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा-खिमा नेला. ट्रूडी एक घास खाऊन म्हणाली, “ओपल, यंदा घेवड्यात गूळ कमी पडला हं.” घेवडा कुठे होता? मी डेल्मरकडे पाहिलं. तो बोटं चाटत होता. “दरवर्षीसारखाच आहे,” म्हणाला. घोड्याची नाल खुंटीवर फेकायच्या खेळात तो आज जिंकला. तीन वर्षांत असा हसला नव्हता.

१६ जानेवारी
सकाळी त्याने डोळे उघडले. म्हणाला, “ओपल.”
आजाराने असं होतं. आजारानेच. मी बाहेर जाऊन खांबावरची पाटी उपटली आणि कचऱ्यात टाकली. आमची पाटी शोधली. गाडीत नाही.
दुपारी खांबावर तीच पाटी. खिळे गंजलेले, जुने.

१९ जानेवारी
क्लबच्या खोलीत दरवर्षीचे फोटो लावले आहेत, जोडप्या-जोडप्यांचे. एकतीस हिवाळे. नऊ नंबरखाली प्रत्येक फोटोत ‘रॉइस आणि ओपल’. चेहरे मात्र निराळे. चार-पाच वर्षं एक जोडपं, मग दुसरं, मग तिसरं. बाईच्या डोक्यावरची टोपी तीच. शेवटची चौकट रिकामी आहे.
मर्लला धरून विचारलं, ही माणसं गेली कुठे? तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “माणसं जायचीच गं. आम्ही नावं मरू देत नाही. तुला तर हे पटायला हवं.”
फाटकावरच्या भाषणांबद्दल मी इथे कुणापाशी बोललेली नाही.

२२ जानेवारी
आमची पाटी सापडली. जॅकखाली. पालथी. अख्ख्या घरगाडीचा भार तिच्यावर. डेल्मर म्हणतो, बुडबुडा सरकत होता, एक फळी कमी होती.
मग मी रांगेतून वाकून वाकून पाहत गेले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. आठ नंबर. बारा. वीस. प्रत्येक जॅकखाली पाट्या, थराथराने. लाकडावर कोरलेली नावं — शेकडो —
कुणी अडवलं नाही. खुर्च्यांवरून हात हलवत होते.

२४ जानेवारी
निघायचं म्हटलं. तो खांब धरून रडला. घर सोडून कुठे जायचं, म्हणतो.
जॅक वर घेतला. पाटी काढली. ‘डेल्मर आणि —’ पुढचं चेपून सपाट झालं आहे. मीच नखाने कोरते आहे.

२७ जानेवारी
रोज शंभर वेळा लिहिते. व्हर्ना. व्हर्ना. व्हर्ना. त्रेचाळीसपर्यंत आले आणि पुढच्या ओळीत दुसरंच नाव — अक्षर माझंच आहे —
घेवडा भिजत घातलेला आहे. कुणी घातला?

२९ जानेवारी
सकाळी त्याला हलवून म्हणाले, मी व्हर्ना. तुझी व्हर्ना. तो भिंतीला चिकटला. लहान मुलासारखं पांघरूण ओढून घेत म्हणाला, “बाई, तुम्ही कोण? माझी ओपल कुठंय?”
तासभर. तासभर तो मला घाबरत होता. सबंध आयुष्यात मी कुणापुढे मान —

३१ जानेवारी
आज ट्रूडी फोटो काढणार. फोटोतली ती टोपी मला आणून दिली.
त्याने डोळे उघडले. तीच हाक. इतकी गोड, इतकी भरवशाची. तो वाट पाहत होता. खालचा ओठ थरथरायला लागला होता, आणि —
मी ओ दिली.
तो हसला. बुडबुडा मधोमध आहे. कुणीतरी लिहून ठेवायला हवं, की इथे आधी एक बाई होती, ती फाटकापुढे उभी राहून बोलायची, तिचं नाव