पुसलेला हात

शुक्रवार, संध्याकाळ. येरवडा

आज सुनील घरी आला, तिरंग्यात गुंडाळून. सगळी वस्ती रस्त्यावर उभी होती, आणि चौकात मी केलेला पंधरा फुटी फ्लेक्स.

मंडळाला घाई होती. गणवेशातला फोटो सापडेना, म्हणून त्याच्या आईनं, सुमनमावशींनी, सुट्टीतला दिला. दोघं शेजारी, मावशींचा हात त्याच्या खांद्यावर. मी मावशींना कापलं. हात राहिला, तोही कॉम्प्युटरवर पुसला आणि शर्टाच्या रेघा जुळवून खांदा भरला. काम सफाईदार झालं म्हणून खूशही झालो. लाज कशी नाही वाटली?

पेटी उघडता येणार नाही, असं अधिकाऱ्यानं हळू आवाजात सांगितलं. चेहरा दिसलाच नाही, म्हणून मावशी फ्लेक्सपाशी आल्या. त्याच्या खांद्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "इथं माझा हात होता ना रे?"

"हो मावशी."

त्यांनी टाचा उचलून हात वर केला. खांदा फार उंचावर होता. त्यांचा हात पोचला तो खालच्या रांगेतल्या, श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांच्या फोटोंपर्यंत.